ताई, अठराव्या वर्षी जन्मभराचं व्रत होत नाही

ताई, नमस्कार. कॅथलिक सिस्टरांच्या (नन) व्रतांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की अठरा वर्षांच्या मुलीकडून जन्मभराची शपथ घेतात, पगार त्यांची धर्मसंस्था ठेवून घेते आणि परतीचं दार बंद होतं, म्हणजे ही वेठबिगारीच आहे. इंदूरच्या कॉन्व्हेंट शाळांत मुली घालणाऱ्या कितीतरी मराठी घरांत हाच समज आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वय. चर्चच्या 1983 च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, 17 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रताआधीच्या तयारीच्या काळात, प्रवेश नाही. तिथे किमान 12 महिने राहायचं. त्यात सगळे दिवस मिळून तीन महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली, तर ते नॉव्हिशिएट धरलंच जात नाही. त्यानंतरचं पहिलं व्रत, म्हणजे गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा, हे 18 पूर्ण झाल्यावर आणि ठरावीक मुदतीचं असतं. ही मुदत किमान तीन, साधारण सहा आणि वाढवून जास्तीत जास्त नऊ वर्षं. मुदत संपली की मुलगी कुणाच्याही परवानगीवाचून घरी जाऊ शकते. कायमचं व्रत 21 च्या आत नाहीच. उदयनगरला आदिवासींमध्ये काम करणाऱ्या आणि 1995 मध्ये इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया आपल्याकडे सर्वांना माहीत आहेत. त्यांचं पहिलं व्रत 1974 चं आणि कायमचं 1980 चं. मधली वर्षं दोन्ही बाजूंनी पारखून घेण्याची असतात, आणि संस्थाही नकार देऊ शकते.

आता पैसा. पहिल्या व्रताआधी सिस्टर आपल्या मालमत्तेचा कारभार भावाकडे, वडिलांकडे, तिला वाटेल त्याच्याकडे सोपवते; मालकी तिचीच राहते. कायमच्या व्रताआधी मृत्युपत्र करावं लागतं, तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं. पहिल्या व्रतानंतरची कमाई मात्र संस्थेची. शाळेचा पगार मठाच्या सामायिक खात्यात जातो. चप्पल तुटली, दवाखान्यात जायचं आहे, बसभाडं हवं आहे, की हिशेब सांभाळणाऱ्या सिस्टरकडे मागायचं आणि उरलेले सुटे पैसे परत करायचे. मोठ्या पगाराची मुख्याध्यापिका आणि स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर, दोघी एकाच डब्यातून घेतात. गरिबीचं व्रत रोजच्या जगण्यात एवढंच असतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. सरकारच्या लेखी मात्र पगार तिचाच: अनुदानित शाळांतल्या सिस्टरांच्या पगारातूनही टीडीएस कापायचाच, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं.

आज्ञाधारकपणाबद्दल थोडक्यात. सुपिरियरची, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरची, मुदत ठरलेली असते आणि मनातलं उघड करायला ती कुणाला भाग पाडू शकत नाही. प्रोव्हिन्शियलची, म्हणजे संस्थेच्या प्रांतप्रमुख सिस्टरची, भेट असते तेव्हा तिच्याशी एकटीने बोलण्याचा प्रत्येक सिस्टरला हक्क आहे. बिघडतं ते तीन-चार जणींच्या छोट्या घरात, जिथे सुपिरियर आणि मुख्याध्यापिका एकच असते. शाळेतल्या रजेचा वाद संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो आणि तक्रार न्यायला वर्षभर दुसरी जागा नसते. ही दोन पदं वेगळी ठेवायलाच हवीत.

दार बंद नसतं. कायमच्या व्रतानंतरही सिस्टर पाच वर्षांपर्यंत मठाबाहेर राहण्याची मुभा मागू शकते किंवा व्रतातून मोकळीक मागू शकते. मोकळिकीचा अर्ज, संस्था रोमच्या अखत्यारीतली आहे की बिशपच्या त्याप्रमाणे, रोमकडे किंवा बिशपकडे जातो.

तुमचा राग योग्य जागी बसतो तो यापुढे. बाहेर पडणारीला संस्थेत केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, असं कॅनन लॉ सांगतो. संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं, एवढंच पुढे लिहिलं आहे. रक्कम नाही, मुदत नाही. पंचेचाळिशीत, वीस वर्षं मठाचा दवाखाना सांभाळून निघालेल्या बाईला यावर भाड्याची खोली मिळत नाही. प्रत्येक संस्थेने ही रक्कम आपल्या नियमावलीत लिहून ठेवावी, आणि मुलीला पाठवणाऱ्या आईवडिलांनी नॉव्हिशिएटच्या आधीच ते पान दाखवायला सांगावं.