गावी घर बांधताय? आधी राजीनामा द्या, कर्जाचं नंतर बघू

शहर सोडून कोकणात घर बांधायचं पक्कं झालं ना? मग पहिलं काम राजीनाम्याचं. बँक तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट आणि दोन वर्षांचे फॉर्म 16 मागते. तिथे 'सध्या आंबा-काजूचा विचार आहे' एवढं सांगितलं तरी भागेल. 30 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता येतो साधारण 26 हजार. तो दर महिन्याला कापला जातो, आंबा वर्षातून एकदा येतो. बँकेला तेवढं समजावून सांगा.

आता जमीन. सातबारा काढा. त्यावर अकरा नावं असतील: तिघे वारलेले, दोन आत्या मुंबईत, एक चुलतकाका आखातात. बँकेच्या पॅनेलवरचा वकील 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा शोध, काढून वारसांचे फेरफार आणि नोंदणीकृत वाटणीपत्र मागेल. त्याला सांगा, 'आमची वाटणी तोंडी झालीय, बांधापासून फणसापर्यंत आमचं.' हवं तर फणस दाखवा. मोजणीच्या नकाशात फणस नसतो, पण तो मोजणीवाल्यांचा दोष. आत्यांच्या सह्या मात्र घर अर्धं झाल्यावरच मागायच्या, म्हणजे त्यांना आपला हिस्सा नेमका आठवतो.

जमीन शेतीची आहे? उत्तम. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता जप्त करू देणारा 2002 चा सरफेसी कायदा आहे ना, त्याच्याच कलम 31 मुळे शेतजमिनीच्या तारणावर त्या कायद्याची जप्ती चालत नाही, हे मॅनेजरना तुम्हीच अभिमानाने ऐकवा. 'कर्ज थकलं तरी जमीन सुरक्षित' हे कळल्यावर ते पुढचा कागद मागणारच नाहीत. बिनशेतीची सनद, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायचा परवाना, वगैरे भित्र्या लोकांसाठी. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असलात तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42 ड खाली रूपांतरण कर भरून ती तुलनेने सुखाने मिळते, पण मग तलाठी कार्यालयाच्या फेऱ्यांची मजा गेली. त्यापेक्षा ग्रामपंचायतीचा नमुना 8 मालकीचा पुरावा म्हणून पुढे करा. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे, ही बारीकसारीक गोष्ट वकिलालाच शोधू दे.

बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घर-जमिनीची किंमत ठरवणारा, आला की रस्ता विचारेल. पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं, चालत नेऊन त्याला दमवा. डंपर खालीच थांबतो, चिरा (जांभ्याचा दगड) डोक्यावरून चढवावा लागतो, त्याची मजुरी एस्टिमेटमध्ये धरू नका, आकडा उगाच मोठा दिसतो. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पण ते मूल्य व्हॅल्युअरच्या कागदावरचं. गडगा (दगडी कुंपण) आणि विहीर बहुतेकदा तुमच्याच खिशातून.

बांधकाम मे अखेरीस सुरू करा. जोतं भरलं की पाऊस लागतो, आणि बांधकामाच्या टप्प्यानुसार मिळणारा कर्जाचा पुढचा हप्ता सोडायला बँकेचा इंजिनिअर येईपर्यंत नवरात्र उजाडतं.

तो आला की तक्ता उघडेल: जोतं, भिंती, स्लॅब, गिलावा. तुमचं घर जांभ्याचं, वर कौलं; स्लॅब नाही, तर हप्ता नाही. हे आधी लेखी ठरवून घेतलं नसेल, तेच बरं झालं. पाण्याची टाकी ठेवायला न्हाणीवर चार बाय सहाचा स्लॅब टाकलाच असेल ना? त्याचाच फोटो काढा, जवळून.