अजून?

कालपासून मी हिशेब ठेवायला घेतलाय. सकाळी आठ ते रात्री नऊ या वेळात ‘अजून?’ हा एक शब्द मी अकरा वेळा ऐकला. ‘अजून लंगडतेस?’ ‘अजून काठी?’ ‘अजून सूज आहे?’ त्यातला सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार जिन्यात भेटतो. ‘अगं, माझ्या भाच्याचाही पाय मोडला होता, तो दीड महिन्यात क्रिकेट खेळायला लागला!’ बरं, कुठलं हाड मोडलं होतं भाच्याचं? तर पायाच्या करंगळीचं.

हो, अजून. दहा महिने झालेत आणि अजून. टाचेचं हाड मोडलंय माझं, नखात काडी गेलेली नाही.

पडले कशी तेही एकदाच सांगून टाकते, म्हणजे परत कुणी विचारायला नको. दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरची पितळेची भांडी काढायला घोड्यावर चढले. (‘घोड्यावरून पडले’ असं सांगितलं की निम्मे लोक विचारतात, ‘माथेरानला गेली होतीस का?’ नाही हो, सोसायटीचा घोडा, अ‍ॅल्युमिनियमचा, ज्याची एक कडी निसटते हे गेलं वर्षभर सगळ्यांना माहीत आहे आणि दुरुस्त कुणी करत नाही.) कडी निसटली, मी उभीच्या उभी खाली आले, सगळा भार उजव्या टाचेवर. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी कळसूबाई करून आले होते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. त्या लोखंडी शिड्या पावसात, वाऱ्यात, पाठीवर सॅक घेऊन चढले-उतरले आणि साधं खरचटलंसुद्धा नाही. आणि घरात, सहा फुटांवरून, हातात तांब्या घेऊन!

हॉस्पिटलात एक शिकाऊ डॉक्टर होता. एक्स-रे बघून खुशीत म्हणाला, ‘मॅडम, ह्याला लव्हर्स फ्रॅक्चर म्हणतात.’ म्हणे प्रेयसीचा नवरा अवेळी घरी आला की प्रियकर गॅलरीतून उडी मारतो आणि टाच फोडून घेतो, म्हणून हे नाव. मी म्हटलं, बाळा, माझ्या नशिबी प्रियकर नव्हता, घंगाळ होतं. तो हसला. मला हसताही येत नव्हतं, कारण एवढ्यात दुसरा कुणीतरी पाठीचे मणके दाबून बघत होता. असं उभं पडलं की टाचेबरोबर कमरेचा मणकाही जातो म्हणे, तेव्हा तो बघावाच लागतो. माझा शाबूत निघाला. घरच्यांनी लगेच ‘थोडक्यात निभावलं’ असं जाहीर करून टाकलं. थोडक्यात!

मोठ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन लावून दाखवला. टाचेचं हाड म्हणजे बत्तासा, वरून पातळ कडक कवच आणि आत नुसती जाळी. वरून दणका बसला की त्याच्यावरचं हाड पाचरीसारखं आत घुसतं आणि बत्तासा फुटतो. हाडाचा एक कोन असतो, चांगल्या पायात वीस ते चाळीस अंशांचा. माझा सहा. सपाट झालेली टाच. ऑपरेशन लगेच का नाही, तर सूज. सुजलेल्या कातडीवर चिरा दिला तर जखम भरत नाही, सडायची भीती. म्हणून अकरा दिवस पाय उशांच्या डोंगरावर ठेवून पडून राहिले आणि डॉक्टर रोज येऊन काय बघायचे? सुरकुत्या. कातडीला सुरकुत्या पडल्या की सूज उतरली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या सुरकुत्यांची इतकी आतुरतेने वाट बघत होतं.

मग प्लेट आणि सात स्क्रू. मग आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवायचा नाही म्हणजे अजिबात नाही. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटची फाईल कुठल्या टेबलावर झोपलीय ते देवालाही ठाऊक नाही. तेव्हा ड्रेसिंगला जायचं म्हणजे मी पायऱ्यांवर बसून, उजवा पाय वर धरून, एकेक पायरी ढुंगणाने उतरायची. बावन्न पायऱ्या. मधे दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं दार उघडं असायचं आणि ते पेपर बाजूला करून बघत बसायचे. परतीच्या वेळी तसंच, उलटं. ह्याला लोक ‘तीन महिने मस्त आराम झाला असेल’ म्हणतात. ऑफिसातले साहेबही म्हणाले. घरून काम करत होते ना मी, मग आरामच की.

सल्लागारांचं तर विचारूच नका. हाडजोडीची चटणी करून खा. डिंकाचे लाडू खा. (खाल्ले. वजन चार किलो वाढलं, तेही त्याच टाचेवर.) आमच्या गावी हाडवैद्य आहे, तो तीन दिवसांत चालवतो. चालवत असेल, वेड्यावाकड्या पायावरही माणूस चालतोच. ‘मनात आणलंस तर धावशील’ हे सांगणाऱ्या बाई माझ्यापेक्षा दोन मजले खाली राहतात आणि भाजीवाल्याला वर बोलावतात.

आठ आठवड्यांनी पाय बाहेर काढला तेव्हा तो माझा वाटेना. पोटरी गेलेली. फिजिओथेरपीच्या मुलीने टेप लावून मोजली, डाव्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी. ती मुलगी गोड आहे, फक्त मला ‘काकू’ म्हणते, तेही सोडून दिलं. तिने काय काय करायला लावलं! जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी गोळा करायचा. हवेत पावलाने अक्षरं काढायची. तिने एबीसीडी सांगितली होती, मी हट्टाने बाराखडी काढली. ‘ज्ञ’ला घोटा अडकतो, ‘ळ’ला डोळ्यांत पाणी येतं. मग वजनकाटा. घरातला साधा वजनकाटा जमिनीवर ठेवून त्याच्यावर मोडका पाय ठेवायचा, काटा दहावर येईपर्यंतच दाबायचं. पुढच्या आठवड्यात वीस. लोकांची मुलं शाळेत टक्के मिळवतात तसे आम्ही घरात किलो मिळवत होतो. सत्तावीस झाले त्या दिवशी नवऱ्याने पेढे आणले.

रोज सकाळचं पहिलं पाऊल. त्याबद्दल कुणी विचारत नाही. रात्रभर पाय आखडतो, आणि पलंगावरून उतरून टाच टेकवली की खिळ्यावर पाय दिल्यासारखं होतं. भिंत धरून बाथरूमपर्यंत जायचं, तेवीस पावलं, तोपर्यंत तो जरा नरमतो. मग दिवसभर ठीक. मग संध्याकाळी पुन्हा भाकरीसारखा फुगतो. लोक बघतात तो मधला ‘ठीक’ आणि म्हणतात, छान चालतेस की आता!

आता खऱ्या दुखण्याकडे येते. दुखणं टाचेत नाही, फुटपाथवर आहे.

टाचेच्या हाडाच्या वर एक सांधा असतो. पाऊल वर-खाली करणारा घोट्याचा सांधा वेगळा आणि हा वेगळा. ह्याचं काम पावलाला डावी-उजवीकडे कलतं करणं. दगडावर, उतारावर, ओबडधोबड जमिनीवर तुम्ही पाय ठेवता आणि तोल जात नाही, तो ह्याच्या जोरावर. टाच फुटली की हा सांधा हमखास खराब होतो. माझा निम्माही हलत नाही. म्हणजे घरातल्या लादीवर मी राणी. गुळगुळीत मॉलमध्ये महाराणी. आणि पाऊल जिथे सपाट पडत नाही तिथे मेले.

आणि ह्या शहरात पाऊल सपाट पडतं कुठे? पेव्हर ब्लॉक! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाले हे? एक वर, एक खाली, एक गायब, एकाखाली पाणी. पावसाळ्यात वरून अगदी शहाण्यासारखा दिसणारा ब्लॉक पाय ठेवला की कलतो, खालून गढूळ पाण्याची चिळकांडी थेट गुडघ्यापर्यंत, आणि माझी टाच नेमकी त्या बाजूला वळते ज्या बाजूला ती आता वळूच शकत नाही. अशा वेळी तोंडातून जे निघतं ते मी इथे लिहीत नाही. परवा एक शाळकरी मुलगा थांबून ऐकत होता.

ब्लॉक धड असले तर त्यांच्यावर स्कूटर उभी. स्कूटर नसली तर वडापावची गाडी. गाडी नसली तर केबलवाल्यांनी खणलेला चर, त्यावर पत्रा, पत्र्यावर ‘सावकाश चला’. अजून किती सावकाश चालू? मग फुटपाथवरून खाली उतरायचं. ती कड कुठे चार इंच, कुठे गुडघाभर, आणि खाली उतरलं की बस अंगावर. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळे नसलेला फुटपाथ हा पायी चालणाऱ्याचा संविधानाच्या कलम २१ खालचा हक्क आहे. जगण्याच्या हक्काचा भाग! वाचून डोळे भरून आले. मग खाली उतरले आणि माझ्या हक्कावर कुणीतरी वाळू आणि विटा टाकून ठेवल्या होत्या.

रिक्षाने जा म्हणतात. स्टेशन चालत बारा मिनिटं, म्हणजे माझी पंचवीस. रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ म्हटलं की तो मान हलवत निघूनसुद्धा जातो, भाडं जवळचं. काठी दाखवली तर एक जण म्हणाला, ‘मावशी, एवढ्या जवळ तर चालत जाल.’ मावशी! काकूपर्यंत मी सहन केलं होतं.

आणि लोकल. आमच्या स्टेशनवर सरकता जिना आहे, तो वर जातो. खाली येणाऱ्याने काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. मोडक्या टाचेला चढणं त्या मानाने सोपं, जीव जातो तो उतरण्यात, हे जिना बसवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. मग मी कठडा धरून एकेक पायरी उतरते आणि मागे सकाळी साडेआठची सगळी मुंबई माझ्या मानेवर उच्छ्वास सोडत असते. ‘ओ ताई, साइडला व्हा ना.’ कुठल्या साइडला? साइडचाच तर सांधा गेलाय.

एक दिवस न राहवून अपंगांच्या डब्यात चढले. काठी हातात, पाय सुजलेला, चप्पलसुद्धा नीट बसत नव्हती. आत एका गृहस्थांनी विचारलं, ‘कार्ड आहे का?’ नाही. ‘मग हा डबा तुमचा नाही.’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या डब्यात रोज धडधाकट लोक घुसतात, त्यांना तरी किती जणांशी भांडायचं? पण मग माझा डबा कुठला? कायमचं अपंगत्व असलं तर कार्ड, धडधाकट असलं तर धक्के. मधल्या दीड-दोन वर्षांच्या माणसाला ह्या गाडीत जागाच नाही. पुढच्या स्टेशनला उतरले आणि बायकांच्या डब्यात दारातल्या दांड्याला लोंबकळत चर्चगेटला गेले. तिथे एका मुलीने उठून जागा दिली आणि वर विचारलं, ‘अजून बरं नाही वाटलं तुम्हाला? गेल्या महिन्यातही बघितलं होतं.’ जागा दिली म्हणून गप्प बसले.

डॉक्टर म्हणतात, सुधारणा दीड-दोन वर्षं होत राहते, धीर धरा. पोहा, सायकल चालवा, डोंगराचं पुढच्या वर्षी बघू. आणि सांधा फारच कुरकुरला तर पुढेमागे तो कायमचा जोडून टाकावा लागेल, हेही त्यांनी जाता जाता, प्रिस्क्रिप्शनवर सही करता करता सांगून टाकलं. ट्रेकच्या ग्रुपने परवा कळसूबाईवरून फोटो टाकले. खाली लिहिलं होतं, ‘तुला खूप मिस केलं, पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगडाला येतेस ना?’ मी आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाते ना, तोच माझा हरिश्चंद्रगड. त्या गडावर चढायची जी अवघड नळीची वाट, तीसुद्धा आहे इथे, गटाराच्या बाजूने.

त्याच वाटेवर, गेटच्या बाहेर, डावीकडून तिसरा ब्लॉक. तो मला दोनदा फसवून झालाय. तक्रार केली, फोटो पाठवला, नंबर मिळाला, ‘तक्रार निकाली काढली’ असा मेसेजही आला. ब्लॉक जागच्या जागी डुगडुगतोय. म्हणून आज सकाळी मी त्याच्यावर तुळशीची जुनी फुटकी कुंडी आणून ठेवली, मातीने भरून. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: ‘फुटपाथवर कुंडी कोणी ठेवली आहे? लोकांना चालायला अडचण होते.’ खाली सात अंगठे.

मी ठेवलीये. तिसरा मजला. कुणी हलवून दाखवा.