भांडण मिटल्यावर उरतं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली, पण लगेच उत्तर दिलं नाही. तुमचे मुद्दे घाईत उडवून लावण्यासारखे नव्हते. अ‍ॅक्शन कॉमेडीचे दुसरे-तिसरे भाग निर्मात्यांच्या हावरटपणामुळे आणि लेखकांच्या आळसामुळे फिके पडतात, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की पहिले भाग मी कॉलेजात असताना अलका टॉकीजला मित्रांच्या घोळक्यात पाहिले आणि पुढचे संसाराच्या धबडग्यात, तेव्हा फिका पडलोय तो मी. शिवाय दुसरा भाग अनेकदा जास्त धंदा करतो, म्हणजे लोकांना तो आवडतो. आणि जॅकी चॅनचे हाँगकाँगमधले सिक्वल मी सोयीस्करपणे विसरलो.

शेवटचा आरोप मान्य आहे. त्या सिनेमांबद्दल लिहायला हवं होतं. 'आळस' हा शब्दही मागे घेतो. शंभर-दीडशे माणसं दोन वर्षं राबतात त्या कामाला आळस म्हणणं बरोबर नव्हतं. पण सिक्वल फिके पडतात हे म्हणणं मी सोडत नाही. फक्त कारण चुकीचं सांगितलं होतं, ते आज नीट सांगतो.

आधी वयाचा मुद्दा. तो मला खरंच टोचला, म्हणून पडताळून पाहायचं ठरवलं. गेल्या महिन्यात भाचा कोथरूडला आमच्याकडे राहायला आला होता. तेरा वर्षांचा आहे. 'मेन इन ब्लॅक' त्याने कधीच पाहिला नव्हता, त्यामुळे जुन्या आठवणींचा प्रश्नच नव्हता. शनिवारी १९९७चा पहिला दाखवला, रविवारी २००२चा दुसरा. पहिल्याच्या शेवटी परग्रहवासीयांवर नजर ठेवणाऱ्या गुप्त संस्थेतला म्हातारा एजंट के आपल्या तरुण जोडीदाराला, एजंट 'जे'ला, सांगतो की माझी स्मृती पुसून टाक, मला माझ्या माणसांत परत जायचंय. आपण इतके दिवस आपल्या जागेवर येणारा माणूस तयार करत होतो, हे तो सांगतो तेव्हा भाचा एकदम गप्प झाला. बशीतला चिवडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तोच के एका गावातल्या पोस्टात नोकरी करतोय आणि त्याची स्मृती परत आणण्याची खटपट चाललीय. पोरगं माझ्याकडे वळून म्हणालं, "मामा, म्हणजे कालचा शेवट खोटा होता का?"

या एका प्रश्नात माझा सगळा लेख मावतो. अ‍ॅक्शन कॉमेडी चालते ती दोन माणसांच्या न पटण्यावर. एक शिस्तीचा, दुसरा उंडारलेला; एक बोलका, दुसरा घुमा. गोळ्या सुटतात, गाड्या उलटतात, पण आपण हसतो ते या दोघांना एकमेकांचा भरवसा नसतो म्हणून. शेवटाकडे तो भरवसा बसतो आणि आपले डोळे भरून येतात. म्हणजे पहिल्या भागानेच ही पुंजी पूर्ण खर्च करून टाकलेली असते. दुसऱ्या भागाच्या लेखकासमोर दोन मित्र असतात, ज्यांचं आता पटतं. मग तो जुनं भांडण उकरून काढतो, किंवा मैत्री तशीच ठेवून स्फोट मोठे करतो. पहिल्या उपायाने आधीचा शेवट खोटा पडतो. दुसऱ्या उपायाने कानठळ्या बसतात, हसू काही येत नाही.

आपल्याकडचंच घ्या. 'दबंग' २०१०चा. बराचसा वाईत चित्रित झालेला, त्यामुळे ढोल्या गणपतीला जाणाऱ्या पुणेकरांना पडद्यावर ओळखीच्या जागा दिसत होत्या. चुलबुल पांडेच्या मिशा, गॉगल, डायलॉग यांच्याबद्दल सगळे बोलले. पण त्या सिनेमाचा जीव घरात होता. सावत्र बाप आपल्या पोटच्या मुलाला जवळ करतो आणि हा आईच्या पदराला धरून वाढलेला मुलगा ते आयुष्यभर गिळत राहतो. त्याच्या मस्करीला कडा होती ती या दुखण्यामुळे. सिनेमा संपताना बाप-लेक आणि भाऊ एकत्र येतात. २०१२च्या दुसऱ्या भागात हे कुटुंब कानपूरला सुखाने नांदतंय. चुलबुल तोच, मिशा त्याच, विनोद तेवढेच, आणि त्या विनोदांच्या तळाशी काही नाही. खलनायक बाहेरून आणावा लागतो, कारण घरात कुणी दुखावलेलंच उरलेलं नाही.

'झपाटलेला' सरळ अ‍ॅक्शन कॉमेडी म्हणता येणार नाही, तरी त्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. १९९३चा तो सिनेमा आठवला की सगळे तात्या विंचूबद्दल बोलतात. रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज, दोन्ही अप्रतिमच. पण आपण हसत होतो लक्ष्याच्या घाबरण्याला, आणि त्याचं कुणालाच खरं वाटत नाही या त्याच्या तळमळीला. २०१३ साली दुसरा भाग थ्रीडीत आला तेव्हा बाहुला होता, मंत्र होता, पण घाबरणारा तो माणूस नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले. ती पोकळी थ्रीडी कशी भरून काढणार?

धंद्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्या भागाच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट लोक पहिल्या भागावरच्या प्रेमापोटी काढतात. मीही काढतो. त्यातून पहिला भाग आवडला होता एवढंच कळतं. तरीही तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. 'रश अवर २' (२००१) ने पहिल्यापेक्षा जास्त कमावलं, आणि मला तो आवडतोही. १९९८च्या पहिल्या भागात हाँगकाँगचा पोलीस ली लॉस एंजेलिसमध्ये परका असतो आणि बडबड्या पोलीस कार्टर तिथला राजा. दुसऱ्याची सुरुवात हाँगकाँगमध्ये होते. आता ली घरचा आणि कार्टरला कुणाचं काही कळत नाही. मैत्री झालेली असूनही पारडं फिरल्यामुळे तोच खेळ नव्याने रंगतो. २००७च्या तिसऱ्या भागात दोघं पॅरिसला जातात. तिथे दोघेही परके, कुणाचंच पारडं जड नाही. कमाईही दुसऱ्यापेक्षा घसरली.

'लेथल वेपन २' (१९८९) मधला एक प्रसंग मी अनेकांना मुद्दाम दाखवलाय. मर्टॉ हा पोलीस संडासात बसलाय आणि खाली बॉम्ब आहे. उठला की फुटणार. पाय बधिर झालेत, घाम निथळतोय, अशा अवस्थेत आपल्याला कुणी पाहू नये असं त्या प्रौढ पोलिसाला वाटतंय. त्याचा जोडीदार रिग्ज इतरांना दूर करतो आणि स्वतः त्याच्याजवळ थांबतो. काही भव्य बोलणं नाही. दोघं मिळून उडी मारायची ठरवतात आणि शेजारच्या टबमध्ये पडतात. पहिल्या भागात हाच रिग्ज बायको गेल्यामुळे स्वतःच्या जिवावर उठलेला होता. त्याला आता मित्राचा जीव स्वतःच्या जिवाइतकाच मोलाचा वाटतो, हे त्या चिंचोळ्या खोलीत दिसतं. हसू, भीती आणि माया एकाच क्षणी येतात. मैत्री जुनी झाल्यावर तिच्यात आणखी खोल उतरता येतं, याचा हा पुरावा मला पुरतो.

आता जॅकी चॅन. तुम्ही 'ड्रंकन मास्टर २' चं नाव घेतलंत म्हणून परवा तो पुन्हा पाहिला. १९७८च्या पहिल्या भागानंतर तब्बल सोळा वर्षांनी, १९९४ साली आला. नायक तोच, वाँग फेई-हुंग, पण जुन्या गुरु-शिष्याच्या गोष्टीला हात न लावता नवं भांडण उभं केलंय, तेही घरात. दारू पोटात गेली की पोराच्या अंगात बळ येतं, आणि बापाने नेमकी तीच, दारू पिऊन लढायची पद्धत वर्ज्य केलीय. म्हणजे प्रत्येक घोटाला तो जिंकतो आणि बापाच्या नजरेतून उतरतो. नवऱ्याची नजर चुकवून माजाँग हा सोंगट्यांचा चिनी खेळ खेळणारी सावत्र आई भर बाजारात त्याला बाटल्या पुरवते, आपण पोट धरून हसतो, तेवढ्यात बाप येऊन उभा राहतो आणि हसू घशात अडकतं. ती आई झालेली अनिता मुई जॅकीपेक्षा नऊ वर्षांनी लहान होती, आणि हे बघताना एकदाही मनात येत नाही.

शिवाय त्या सिनेमात मार लागतो. शेवटच्या मारामारीत जॅकी निखाऱ्यांवरून उलटा सरपटतो ते पाहून माझा भाचा पाय वर घेऊन बसला. नायकाला दुखतंय हे दिसलं तरच त्याची फजिती गमतीची वाटते. पुढच्या भागांत नायक मोठा स्टार झालेला असतो, त्याला ओरखडाही येत नाही, आणि मग हसायलाही जागा राहत नाही. ही गोष्ट माझ्या मूळ लेखात असायला हवी होती. तुमच्यामुळे ती लक्षात आली, त्याबद्दल मनापासून आभार.

'दुसरे भाग काढूच नयेत का?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. जरूर काढावेत. पण कथा लिहायच्या आधी लेखकाने एवढं ठरवावं की आता या दोघांचं कशावरून बिनसणार आहे, आणि ते कारण पहिल्या भागात आलेलं नसावं. ते सापडेपर्यंत प्रदर्शनाची तारीख जाहीर करू नये.

जॅकीच्याच 'पोलीस स्टोरी'चा तिसरा भाग पहिल्याहून सरस आहे हे तुमचं म्हणणं मात्र अजून पटलेलं नाही. मिशेल यो मोटरसायकलसकट धावत्या आगगाडीवर उडी घेते तेवढंच मला ठळक आठवतं. या रविवारी भाच्याला घेऊन पहिला आणि तिसरा लागोपाठ बघतो आणि इथेच लिहितो.