ब्लॅकजॅकचा चार्ट पाठ करून गोव्याचा खर्च निघत नाही

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आधी रामबागेतल्या मंडळींनी टाकला, मग सुदामा नगरवाल्यांनी, आता कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचलाय. मेसेज थोडक्यात असा: ब्लॅकजॅकचा हा रंगीत चार्ट एका रात्रीत पाठ करा, गोव्याच्या कॅसिनोत बसा आणि ट्रिपचा खर्च काढून परत या, अमेरिकन गणितज्ञांनी सिद्ध केलंय, कुठल्याही टेबलावर चालतो, हातात वीस आले की इन्शुरन्स घ्या, आणि गोव्याला जमत नसेल तर ॲपवर खेळा. ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांचा खेळ: पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची, चित्रं दहाची धरायची, एकवीसच्या पुढे गेलात की बाद. आता चार्ट खरा आहे, कुठल्या हाताला पान घ्यायचं आणि कुठे थांबायचं हे सांगणाऱ्या बेसिक स्ट्रॅटेजीचाच आहे, पण त्याच्याभोवती जे लिहिलंय ते वाचून कोणी पगाराचे पैसे घेऊन निघालं तर नुकसान होणार, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गणितज्ञांनी सिद्ध केलंय, हे बरोबर. पण काय सिद्ध केलंय ते बघा ना. १९५६ साली बाल्डविन, कँटे, मायझेल आणि मॅकडर्मॉट या अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटर मशीनवर आकडेमोड करून ही स्ट्रॅटेजी काढली, आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबातसुद्धा खेळणारा शंभराला अर्ध्या रुपयाहून थोडं जास्त हरतच होता. जिंकायचा हिशोब एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने साठच्या दशकात मांडला, त्यात गेलेली पानं मोजत राहावं लागतं, ते वेगळंच काम आहे आणि पानं सतत पिसणारं मशीन टेबलावर असलं की तेही संपलं.

चार्ट काय करतो तर तोटा कमी करतो. मनाला येईल तसं खेळणारा साधारण शंभराला दोन रुपये सोडतो, चार्टने चांगल्या नियमांच्या टेबलावर खेळणारा अर्धा रुपया. म्हणजे ५०० रुपयांचा डाव आणि तासाला ७० डाव धरले तर ३५,००० रुपये टेबलावरून फिरले, त्यातले सरासरी १७५ गेले, मनाने खेळलात तर ७०० गेले. मग लोक जिंकून कसे येतात? कारण तेवढ्याच तासात नुसत्या नशिबाने चार-पाच हजार इकडे किंवा तिकडे सहज होतात, १७५ रुपये त्यात दिसतसुद्धा नाहीत. चार हजार घेऊन आलेला माणूस ग्रुपवर चार्टचा फोटो टाकतो, चार हजार घालवून आलेला गप्प बसतो, आणि मेसेज पुढे जातो.

आता एका रात्रीत पाठ करायची गोष्ट. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण चार्ट शिकण्यासारखा आहे, फक्त असा नाही. चौकटी पावणेतीनशेच्या आसपास आहेत, रट्टा मारला तर ओळीने म्हणता येतात पण पानं कधी ओळीने येत नाहीत. पाढ्यांसारखंच आहे, तेराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मधूनच तेरा सत्ते किती विचारलं की तो पहिल्यापासून सुरू करतो. माझ्या भाच्याने हाच मेसेज वाचून चार्ट पाठ केला होता, त्याच्यासमोर घरातलाच पत्त्यांचा जोड घेऊन बसलो, त्याला एक्का-सत्ती दिली आणि डीलरची नश्शी उघडी ठेवली. "अठरा झाले मामा, थांबतो." चार्ट म्हणतो पान घे. का घे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं: एक्का अकराचाही धरता येतो आणि एकचाही, त्यामुळे एक पान घेतल्याने तुम्ही बाद होऊच शकत नाही, आणि नश्शीसमोर अठरा हा हरणाराच हात आहे. कारण कळलं की ती चौकट वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

कारणांची सुरुवात डीलरपासून करा. त्याला सोळापर्यंत पान घ्यावंच लागतं, सतरापासून थांबावं लागतं (एक्का अकराचा धरून झालेले सतरा काही टेबलांवर सोडून), त्याला निवड नाही. त्याची छक्की उघडी असेल तर तो दहातून चारदा बाद होतो, दश्शी किंवा चित्र असेल तर पाचातून एकदाच्या आसपास. म्हणून छक्कीसमोर बारावर थांबायचं, दश्शीसमोर सोळावरही पान घ्यायचं. अर्धा चार्ट इथेच झाला. मग जोड्या घ्या, म्हणजे सारखी दोन पानं, जी वेगळी करून दोन हात खेळता येतात: एक्के आणि अठ्ठ्या नेहमी वेगळ्या करायच्या, दश्श्या कधीच नाही, पंज्याही नाही कारण दोन पंज्या म्हणजे दहा आणि दहा हा सुंदर हात आहे. एक्क्याचे हात सगळ्यात शेवटी, कारण अडखळायला तिथेच होतं.

आणि दश्शीसमोरचे सोळा, इथे भलेभले चार्ट सोडतात. पान घेतलं की तेरातल्या आठ प्रकारच्या पानांनी तुम्ही बाद, म्हणून लोक थांबतात, पण थांबलात तरी शंभरातून पंच्याहत्तरहून जास्त वेळा हरताच, पान घेतल्याने तोटा अगदी किंचित कमी होतो इतकंच. सलग तीनदा बाद झाल्यावर जो चौथ्यांदाही पान मागतो त्याला चार्ट आला म्हणायचं.

कुठल्याही टेबलावर चालतो? नाही. डीलर एक्का धरून झालेल्या सतरावर थांबतो की पान घेतो, यावर काही चौकटी बदलतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस झाले तर किती मिळतात ते बघा. जुना नियम तीनास दोनचा, म्हणजे ५०० ला ७५०. काही टेबलांवर सहास पाच लिहिलेलं असतं, म्हणजे ६००. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, दर वेळी १५० रुपये कमी, आणि त्याने कॅसिनोचा वाटा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. चार्ट पाठ करून जे वाचवलं ते जवळपास सगळं त्या एका ओळीत गेलं. म्हणून बसण्याआधी टेबलावर छापलेलं वाचायचं, सहास पाच दिसलं की पुढे चालायचं.

इन्शुरन्सवर फार वेळ घालवत नाही. डीलरच्या एक्क्याखाली दहाचं पान निघेल यावरची ती वेगळी पैज आहे, दुप्पट मिळतात, म्हणजे तीनातून एकदा तरी निघायला हवं. तुमच्या हातात दोन चित्रं असतील तर एका जोडात उरलेल्या ४९ पानांत दहाची १४, तीनातून एकदाही नाही. वीस हातात असताना ही पैज उलट आणखी वाईट होते. मेसेज म्हणतो चांगला हात जपा, पण त्या हाताचा इन्शुरन्सशी काही संबंधच नाही.

राहिलं ॲप. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे, त्यांच्या जाहिरातींवरही आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करण्यावरही. म्हणजे असं ॲप तुम्हाला सापडलंच तर ते कायद्याबाहेरचं आहे, जिंकलेले पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करणार? मेसेज पुढे पाठवण्याआधी निदान ती शेवटची ओळ तरी काढा, कारण ग्रुपवर अठरा वर्षांखालची पोरंही आहेत. सरावाला चार्ट, घरातला जोड आणि समोर डीलर व्हायला एक माणूस, एवढं पुरतं, पैसे लागत नाहीत.