हेलिकॉप्टर कुठे तोडायचं?

इंग्रजी शब्दात सिलॅबल (एका झटक्यात उच्चारायचे तुकडे) किती, हे मोजायची युक्ती म्हणे सोपी आहे: हनुवटीखाली हात धरायचा, शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल तितके सिलॅबल. त्यामुळे गृहपाठाच्या वेळी मी आणि लेक हनुवट्या हातात धरून समोरासमोर बसतो. बघणाऱ्याला वाटावं, घरात काहीतरी वाईट बातमी आलीय.

या भाषेत लांबी बघून अंदाज बांधायची सोयच नाही. 'स्ट्रेंग्थ्स'च्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं आणि सिलॅबल एक. 'एरिया'त अक्षरं चार, सिलॅबल तीन! 'चॉकलेट'चे कागदावर तीन होतात, बोलताना बहुतेकांचे दोनच. (चॉकलेट तोंडात गेल्यावर काहीतरी कमी होणारच.)

इथवर निभावतं. मग पुस्तक म्हणतं, आता अर्थाप्रमाणे तोडा.

"हेलि अधिक कॉप्टर," लेकीने निकाल लावला.

"नाही. हेलिको अधिक प्टर. ग्रीकमध्ये हेलिक्स म्हणजे मळसूत्र आणि प्टेरॉन म्हणजे पंख."

"प्टर? परत म्हण."

म्हटलं. तिने चेहरा पुसला.

"मग हेलिपॅड?"

आता काय सांगणार! अख्ख्या जगाने शब्द भलत्याच जागी तोडला आणि त्या तुकड्यावर सिमेंट ओतून विमानविद्येची सोय केली.

शब्दकोशांकडे दाद मागावी, तर अमेरिकी मंडळी साधारणपणे उच्चार ऐकून तोडतात आणि ब्रिटिश शब्दाचं कूळ बघून. संगणकालाही हे काम जड गेलं. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा, यासाठी संगणकतज्ज्ञ फ्रँक लियांग यांनी १९८३च्या प्रबंधात अक्षरजोडण्यांचे ४४४७ नमुने दिले. त्यांनी बरोबर जागांपैकी सुमारे ८९ टक्के सापडल्या. हे वाचल्यापासून मला लियांग घरचेच वाटतात.

गंमत म्हणजे ज्याला सगळे भितात तो शब्द गुणी निघाला. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस: ४५ अक्षरं, १९ सिलॅबल, अर्थ बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. १९३५च्या सुमारास कोडी रचणाऱ्यांनीच तो जुळवला, त्यामुळे सांधे अगदी स्वच्छ. लेकीने पटापट सुटे केले.

"हा सोपा होता. आता 'वेन्सडे'. त्यातला डी कुणाच्या वाट्याला?"

"आज रविवार आहे," मी म्हटलं. "बुधवारचं बुधवारी बघू."