आर्मवरची विंडोज अख्खी इम्युलेशनवर चालते? नाही

‘विंडोज जन्मापासून इंटेलची. आर्म लॅपटॉपवर ती अख्खी इम्युलेशनमधून रेटतात, म्हणून मंद चालते आणि जुना प्रिंटर ओळखत नाही.’ हा मजकूर बराच फिरतो. (आर्म ही इंटेलहून वेगळी प्रोसेसरची जात; इम्युलेशन म्हणजे एका जातीसाठी लिहिलेल्या कोडचं दुसऱ्या जातीवर चालवताना केलेलं भाषांतर.) प्रिंटरची तक्रार पुष्कळदा खरी असते, कारणं मात्र चुकीची आहेत.

जन्माचं आधी उरकू. आजच्या विंडोजचा पाया म्हणजे एनटी. 1993 ची एनटी 3.1 एक्स86 (म्हणजे इंटेलची जात), मिप्स आणि अल्फा या तिन्ही जातींच्या प्रोसेसरवर चालायची. 1995 च्या 3.51 मध्ये पॉवरपीसीची भर पडली. विंडोज 2000 येईपर्यंत बाकीचे गळाले आणि एक्स86 उरला. ‘विंडोज म्हणजे इंटेल’ हा समज त्यानंतरच घट्ट झाला.

आता ‘अख्खी इम्युलेशनमधून’. कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा कोड), एक्सप्लोरर (फायली दाखवणारा प्रोग्रॅम) हे सगळं आर्म64, म्हणजे 64-बिट आर्मसाठीच कंपाइल केलेलं, थेट त्याच्याच भाषेत बनवलेलं असतं. भाषांतर होतं ते फक्त इंटेलसाठी बनवलेल्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडचं. विंडोज 11 वर एक्स64 (64-बिट इंटेल जातीच्या) प्रोग्रॅमने सिस्टिमच्या डीएलएलला, म्हणजे सामायिक कोडच्या फायलीला, हाक मारली की तिथून पुढे बहुतेक नेटिव्ह, म्हणजे थेट आर्मसाठी बनवलेला कोडच धावतो. त्यामुळे झळ बसते ती जड आकडेमोडीला. मेनू उघडायला फारशी नाही. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’वर जा, कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘आर्किटेक्चर’ निवडा. कोण नेटिव्ह, कोण पाहुणा, ते लगेच दिसतं.

खरी अडचण ड्रायव्हरची. इम्युलेटर युजर मोडमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवर, प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) आत काम करतो. कर्नलमध्ये त्याला प्रवेश नाही. म्हणून एक्स64 चा कर्नल ड्रायव्हर हळू चालत नाही, तो लोडच होत नाही. कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग शून्य. जुनी डोंगलं (सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी लावायच्या यूएसबी किल्ल्या), काही व्हीपीएन, गेममधले अँटी-चीट (फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम) इथेच अडकतात. प्रिंटर आयपीपी या छपाईच्या प्रमाणित भाषेत बोलत असेल तर विंडोजचा स्वतःचा क्लास ड्रायव्हर (अनेक प्रिंटरना चालणारा सामाईक ड्रायव्हर) पुरतो. नसेल तर निर्मात्याचा आर्म64 ड्रायव्हर हवाच.

प्लगइनचंही, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसणाऱ्या जोडकोडचंही, तसंच. आर्म64 प्रोसेसमध्ये एक्स64 डीएलएल बसत नाही. एक्सप्लोरर नेटिव्ह असल्यामुळे एखादा एक्स64 प्रोग्रॅम नीट चालतो, पण राइट क्लिकच्या मेनूतली त्याची ओळ गायब असते. लोक मग तो प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. यातून वाट काढायला 2021 मध्ये आर्म64ईसी ही प्रोग्रॅम बांधायची पद्धत आली: त्या पद्धतीने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये एक्स64 प्लगइन चालतात, 32-बिट मात्र नाहीत.