शंभर वर्षांचा पूर तीनदा कसा आला?

पावसाने जोर धरला की सांगलीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘शंभर वर्षांचा पूर २००५, २०१९, २०२१ असा तीनदा आला. एक आकडा सांगता येत नाही, मग पुराचा अंदाज देणारी ही कॉम्प्युटर मॉडेलं कशाला? ऑगस्टमध्ये कोयना धरण निम्मं रिकामं ठेवा, विषय संपला.’

शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की नव्याण्णव वर्षं निवांत, असं नसतं. दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढंच. ३० वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के भरते. पण १७ वर्षांत तीनदा? १ टक्का खरा असेल तर हे हजारात एकदाही घडू नये. म्हणजे तो टक्काच जुना झालाय, आणि हे उघड झालं तेही संभाव्यतेच्याच गणिताने. शिवाय सांगलीच्या आयर्विन पुलावर २०१९ला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, बाकी दोनदा त्याच्या खालीच राहिलं. यातला शंभर वर्षांचा नेमका कुठला?

एका आकड्याचा हट्ट तर घातकच. धोका पातळी ४५ फूट. ‘४४ येईल’ म्हटलं की माणूस घरात थांबतो, ‘४२ ते ४८’ म्हटलं की जनावरं हलवतो.

आता कोयना. साठा १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). निम्मी रिकामी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला तर टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याकडे डोळे लावलेल्या आटपाडी-जतच्या दुष्काळी भागाला काय सांगणार? शिवाय वारणा नदी कृष्णेला हरिपूरला, म्हणजे आयर्विनच्या खाली मिळते. ती फुगली की कृष्णा मागे तुंबते, आणि धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसाला तर दरवाजाच नाही. म्हणून कॉम्प्युटरवर हजारो पावसाळे पाडायचे, प्रत्येकात विसर्गाचा तोच नियम चालवायचा आणि दोन गोष्टी मोजायच्या: ४५ फूट किती वेळा ओलांडले, पावसाळ्याअखेर धरण किती वेळा अपुरं राहिलं. नियम बदलून पुन्हा तेच. खऱ्या नदीवर हा प्रयोग वर्षातून एकदाच होतो, तोही लोकांच्या घरादारावर.

मॉडेलवाल्यांना धारेवर धरायचंच असेल तर हे विचारा: कोयना आणि वारणेचा पाऊस तुम्ही दोन वेगळ्या फाशांसारखा टाकलात का? दोन्ही खोरी एकाच सह्याद्रीला टेकलेली, झोडपली जातात बहुधा एकाच आठवड्यात. फासे वेगळे टाकले असतील तर दोन्ही पूर एकत्र येणं कागदावर दुर्मीळ दिसेल, सांगलीत नाही.